आयर्विनचे फूट आणि दाराचे फूट : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

१० मे

वही आजपासून सुरू. गेल्या पावसाळ्यात जे लिहिलं ते सिमेंटच्या पावत्यांच्या मागे, मोबाईलच्या मेसेजमध्ये आणि सरांच्या डायरीत असं तीन ठिकाणी विखुरलं. दिवाळीत एकत्र करायला बसलो तर कुठला आकडा कुठल्या दिवसाचा याचा पत्ता लागेना. म्हणून यंदा एकच वही, आणि लिहिणार मी, कारण चौघांत माझंच अक्षर लागतं.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, दिवसा बांधकामाच्या साइटवर. सर भूगोलाचे, निवृत्त. आण्णा भिलवडीकडचे, ऊस आणि नदीकाठची मळी. चौथी सरांची पुतणी, नोकरी पुण्यात, घर सांगलीत. कोड ती लिहिते. पाणी मोजायचे आणि पुराचे अंदाज द्यायचे जे कार्यक्रम देशपातळीवर चालू आहेत, त्यातलं कृष्णेच्या या पट्ट्यात काय पोहोचतं, किती आधी पोहोचतं, आणि दाराशी उभ्या माणसाला त्याचं काय करता येतं, एवढं बघायचं. सरकारला सल्ले द्यायचे नाहीत. हे वाक्य सरांनी दोनदा लिहायला सांगितलं. आण्णा म्हणाले, "एकदा बास. तसंबी कोण वाचतंय."

१४ मे

पार्श्वभूमी, सरांच्या टिपणावरून.

केंद्रीय जल आयोगाने देशातला पहिला शास्त्रीय पूर अंदाज १९५८ मध्ये दिल्लीत यमुनेसाठी सुरू केला. दक्षिणेकडच्या राज्यांना मोजमापाची नीट घडी बसवून मिळाली ती जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात. पहिला टप्पा १९९५ ते २००३, दुसरा २००६ ते २०१४, दोन्हींत महाराष्ट्र होता. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी आपोआप पाठवणारी केंद्रं उभी राहिली आणि डेन्मार्कच्या तज्ज्ञांकडून नदीचं गणिती प्रारूप करून घेतलं गेलं. त्यानंतर २०१६ मध्ये मंजूर झाला तो राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प, सुमारे ३६८० कोटींचा. निम्मी रक्कम जागतिक बँकेचं कर्ज, निम्मी केंद्राची. २०१८ मध्ये राष्ट्रीय जलमाहिती केंद्र आलं, म्हणजे सगळ्यांचे आकडे एका खिडकीत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'फ्लडवॉच इंडिया' हे ॲप आलं, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत ठिकाणांची संख्या ५९२ झाली.

सरांना हे सगळं तोंडपाठ आहे. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : तीस वर्षं झाली, पण आमच्या गल्लीत पूर कळतो तो अजून "पाणी बघायला" पुलावर गेलेल्या पोरामुळे.

२३ मे

एककांची भानगड. आज चौघं बसून फक्त याच्यावर दोन तास घालवले, पण घालवायलाच हवे होते.

सांगलीला पाणी फुटात कळतं. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, त्याच्या दगडी खांबावर रंगवलेले फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे शेंबडं पोरही सांगतं. केंद्राकडच्या तक्त्यांत पातळी असते समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये. धरण बोलतं टीएमसीत (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यातून सुटणारं पाणी क्युसेकमध्ये (सेकंदाला इतके घनफूट), पाऊस मिलिमीटरमध्ये. म्हणजे एकच पाणी महाबळेश्वरला मिलिमीटर, कोयनेत टीएमसी, दरवाजातून क्युसेक, कुरुंदवाडला मीटर आणि आयर्विनला फूट. वाटेत पाच वेळा कपडे बदलतं.

सरांनी फळ्यावर मांडलेलं गणित इथे उतरवून ठेवतो, रात्री-अपरात्री लागेल. कोयनेचं पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. त्याच्यावर सरसकट १०० मिलिमीटर पडला आणि सगळा वाहून आला असं धरलं तर ८९२ लाख घनमीटर, म्हणजे ३.१५ टीएमसी. जुलै संपता संपता जमीन भिजून टंच झालेली असते, तेव्हा "सगळा वाहून आला" हे फारसं खोटं नसतं. दुसरं : २४ तास सलग ११,५७४ क्युसेक सोडलं की एक टीएमसी रिकामं होतं. म्हणजे त्या १०० मिलिमीटरला जागा करायची तर दिवसभर ३६ हजारांच्या वर सोडावं लागणार. आणि कोयना-नवजा भागात दिवसाला १०० म्हणजे काही विशेष नाही, पेपरात त्याची बातमीसुद्धा चार ओळींची येते.

आण्णांचा प्रश्न : "मग पायथ्याच्या वीजगृहातनं २१०० सोडलं म्हणून लोक घाबरत्यात कशाला?" बरोबर आहे. २१०० क्युसेकने दिवसाला पावणेदोन दशांशसुद्धा… नीट लिहितो : ०.१८ टीएमसी. पण "कोयनेतून विसर्ग सुरू" हे तीन शब्द २१०० ला आणि ५०,००० ला सारखेच छापले जातात. आकडा वाचायची सवयच नाही, शब्द वाचायची आहे.

१ जून

कोड चालू झाला. रोज सकाळी कोयना, नवजा, महाबळेश्वर यांचा पाऊस, धरणांचे साठे आणि विसर्ग, पुलाची पातळी. पहिले पंधरा दिवस हातानेही लिहायचं, मग विश्वास ठेवायचा.

आमचं स्वतःचं एक यंत्रही बसवलं. आण्णांच्या रानाजवळ ओढ्यावर जुना मोरीपूल आहे, त्याच्या कठड्याला खाली तोंड करून ध्वनिलहरींचा सेन्सर. खालच्या पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो आणि दर १५ मिनिटांनी पाठवतो. मोठ्या पुलांवर सरकारी रडार सेन्सर असतात त्याचंच गरीब भावंड. पूर आला की नदीची फूग, म्हणजे तुंबून चढलेलं पाणी, या ओढ्यातून मागे शिरते. ती किती आणि कधी, हे बघायचंय.

९ जून

दुपारी सव्वा वाजता ओढ्याला चार फूट पाणी! पाऊस नाही, ढग नाही. पुतणीचा पुण्याहून फोन, मी साइटवरून आण्णांना फोन. आण्णा बघायला गेले. मोरीच्या सावलीत म्हैस उभी होती, बरोबर सेन्सरच्या खाली.

आता कोडमध्ये अट घातली : १५ मिनिटांत पातळी अमुकपेक्षा जास्त उडाली तर ते पाणी नव्हे. सरांचं म्हणणं, अशा अटी जपून घालाव्यात. खरंच ढगफुटीसारखं काही झालं आणि पाणी म्हशीच्या वेगाने चढलं तर? शेवटी अट ठेवली, पण आकडा पुसायचा नाही, बाजूला "तपासा" असा शिक्का मारायचा.

१७ जून

पावसाळा लागला. सकाळी साडेपाचपासून संततधार, चहाच्या टपरीवर सगळ्यांचे चेहरे खुललेले. अजून कुणी पुराचं नाव काढत नाही. या दिवसांत पाऊस सोयाबीनचा असतो, जुलैअखेर तो कृष्णामाईचा होतो.

२८ जून

मोठी चूक सापडली, आमचीच.

तीन आठवड्यांच्या आकड्यांचा आलेख काढला तर नदी आधी चढते आणि पाऊस नंतर पडतो! पुतणी म्हणाली कोड बरोबर आहे. सर म्हणाले निसर्गही बरोबर आहे. मग?

पावसाचा आकडा सकाळी मोजतात. हवामान खात्याचा दिवस साडेआठला संपतो. २० तारखेच्या नावावर जो पाऊस असतो त्यातला बहुतेक १९ ला दिवसा आणि रात्री पडून गेलेला असतो. आम्ही तो २० च्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत पसरवला होता. पुलाची पातळी मात्र ज्या तासाची त्या तासाला. सगळं जुळवून पुन्हा काढलं तर पाऊस पुढे, नदी मागे. जग पुन्हा जाग्यावर.

हे लिहिताना लाज वाटतेय, कारण गेल्या वर्षी याच आकड्यांवरून मी दोघा-तिघांना "पाणी आपल्या समजुतीपेक्षा लवकर येतं" असं ठणकावून सांगितलं होतं. त्यांना पुन्हा गाठून सांगायला हवं. कोयनेतून सुटलेलं पाणी सांगलीला जाणवायला एक-दीड दिवस धरायचा, हा जुन्या लोकांचा आडाखाच ठीक आहे. अर्थात नदी आधीच भरलेली असली, वारणेचं पाणी हरिपूरला त्याच वेळी येऊन मिळालं, मध्ये कराड-बहे पट्ट्यात पाऊस असला, तर त्या आडाख्याला फाटे फुटतात.

६ जुलै

हवामानाच्या प्रारूपांवर सरांनी तासभर घेतला. त्यातलं कामाचं लिहितो.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटर पूर्वेला वाईला आलं की तो हजाराच्या आत. आणखी पुढे माण-खटावला पाचशेच्या आसपास. जुनं जागतिक प्रारूप १२ किलोमीटरच्या चौकटींत हिशोब करायचं. अशा दोन चौकटींत आख्खा घाटमाथा आणि त्याची पर्जन्यछाया बसते, मग सरासरी कुणाचीच नसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टम' मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची चौकट ६ किलोमीटरची. आमच्या खोऱ्याला याचा खरा फायदा, कारण कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी, तारळी, वारणा सगळ्या त्या एका डोंगरधारेवरून खाली येतात. धार पाच-सहा किलोमीटर इकडची तिकडे झाली की पाणी कोकणात जातं.

दुसरी बातमी थोडी खट्टू करणारी. 'सी-फ्लड' नावाची प्रणाली जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. पुण्याची संगणक संशोधन संस्था सी-डॅक आणि जल आयोग यांनी मिळून केलेली, दोन दिवस आधी गावपातळीवर किती पाणी भरेल याचा नकाशा देणारी. आम्हाला हवं तेच! सुरुवातीला घेतलेली खोरी : महानदी, गोदावरी, तापी. पुण्यात बनलं आणि कृष्णा नाही. आण्णा एवढंच म्हणाले, "लेकी, जावई जेवले. घरचे बसलेत."

१३ जुलै

आजचा दिवस सविस्तर लिहायचा आहे.

ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, रविवारपुरती मिळाली. आयर्विनच्या खांबावरचे फूट गल्ल्यांमध्ये न्यायचे, हा यंदाचा खरा उद्योग. खांबावरचा एक फुटाचा पट्टा बॅकसाइटला, म्हणजे सुरुवातीची खूण म्हणून, धरला आणि टप्प्याटप्प्याने लेव्हल आत आणत आलो. प्रत्येक उंबऱ्याला आयर्विनच्या भाषेत एक आकडा द्यायचा : पुलावर इतके फूट झाले की पाणी तुझ्या दारात.

तिसऱ्या गल्लीतल्या काकूंच्या घरी थांबलो, कारण त्यांच्या सोप्यातल्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत. बाकी भिंत दोनदा रंगवली, तेवढा हातभर पट्टा सोडून. २०१९ ची रेघ माझ्या डोक्याच्या वर, ऑइलपेंटने मारलेली, शेजारी तारीख. २०२१ ची खाली, ती पेन्सिलची, नंतर खिळ्याने कोरलेली. २००५ ची नाही. "तवा कुणाला सुचतंय वो," काकू म्हणाल्या, "पर गुडघ्याच्या वर हुतं. ह्या पायरीवर कुकर ठेवला हुता, त्यो तरंगाय लागला."

टेपने मोजलं. उंबऱ्यापासून २०१९ ची रेघ ६ फूट ४ इंच. आयर्विनला २०१९ चा उच्चांक ५७ फूट ६ इंच. वजा केलं : उंबरा ५१ फूट २ इंच. लेव्हलने आलेला आकडा ५१ फूट ४ इंच. दोन इंचांचा फरक! मी तिथेच सोप्यात बसलो. डिप्लोमाच्या परीक्षेतसुद्धा माझं लेव्हलिंग इतकं जुळलं नव्हतं.

मग कुकरची साक्ष. २००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या वर पाणी होतं. त्यातून ५१ फूट २ इंच गेले की दोन फूट आणि वर काहीतरी, म्हणजे गुडघ्याच्या वर. वीस वर्षांनी कुकर खरा निघाला.

२०२१ ची रेघ मात्र अडली. पुलावर तेव्हा सुमारे ५५ फूट, म्हणजे दोन रेघांत अडीच फूट हवेत. भिंतीवर निघाले २ फूट ७ इंच. सर म्हणाले एक इंचावर वाद नको. पण काकूंनीच कारण सांगितलं : २०२१ ला त्या घरात नव्हत्या, परत आल्यावर गाळाच्या डागावरून पेन्सिल मारली. गाळाची रेघ पाण्याच्या उच्चांकाला बसत नाही, ती पाणी जिथे काही तास थांबलं तिथे बसते. म्हणून ती नेहमी थोडी खाली.

वहीत नवा रकाना : रेघ कुणी मारली, केव्हा, पाण्यात उभं राहून की नंतर.

१४ जुलै

कालचंच पुढे. दिवसभरात ४१ दारं झाली. काकूंचं दार ५१ च्या पुढे. नाल्याकडच्या सखल भागातली काही दारं ४० च्याही आत. इशारा पातळी म्हणजे ज्यांना इशारा द्यायचा त्यांच्या घरात पाणी शिरून झालेलं असतं! सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथल्या लोकांना हे कागदाशिवाय माहीत आहे. ते ४० ची वाट बघत नाहीत, त्यांची स्वतःची खूण असते. पण नवीन भाडेकरू आला की त्याला खूण माहीत नसते.

४० आणि ४५ हे शहराचे आकडे. दाराला त्याचा स्वतःचा आकडा हवा. एवढंच करायचं आहे, बाकी सगळं दिल्ली-पुणे-नाशिकवाले आमच्यापेक्षा चांगलं करतात.

१९ जुलै

कोयना भरत चाललीय. १०५.२५ टीएमसीचं धरण, वारणेचं ३४.४०. टपरीवर अलमट्टीचा विषय निघालाच. दरवर्षी निघतो, आषाढी आणि अलमट्टी यांना तारीख लागत नाही. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, कर्नाटकला ती ५२४.२५६ करायची आहे, इथल्या लोकांचा जीव त्यात अडकलेला. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराबद्दल अतिवृष्टी आणि नदीपात्रातली-पूरपट्ट्यातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं, अलमट्टीवर नाही, म्हणून समितीवरही राग. मी टपरीवर तोंड उघडत नाही. चहा उधार आहे.

पण फूग म्हणजे काय हे आण्णांकडून नीट कळलं, ते लिहायला हवं. "नदीला पाणी आलं म्हंजे ती पळती. फुगली म्हंजे थांबती." जलविज्ञानात पातळीवरून विसर्ग काढायचा तक्ता असतो. इतके मीटर पाणी म्हणजे इतका विसर्ग, पूर असताना पुलावरून वेग मोजून मोजून बसवलेला. खालून पाणी तुंबलं असेल तर तो तक्ता फसतो : पातळी तीच, पण वाहणारं पाणी कमी. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा भरून आली की वर अर्जुनवाड, अंकलीपर्यंत हा खेळ चालतो. त्यामुळे एकट्या आयर्विनचे फूट बघून भागत नाही. समडोळीला वारणा किती, कुरुंदवाडला कृष्णा किती, आणि पाणी हलतंय का, हे तिन्ही लागतं.

आमच्या ओढ्याच्या सेन्सरने आज पहिल्यांदा खरं काम केलं : ओढ्याच्या वरच्या अंगाला पाऊस नसताना पातळी तासाला दोन-अडीच इंचांनी चढली. ही म्हैस नव्हे.

२५ जुलै

दरवाजे उचलले. नदीकाठच्या मोटारी काढायची घाई. आण्णांची मोटार संध्याकाळी पाचला ट्रॅक्टरने वर. रात्री पुलावर ही गर्दी, भेळवाले, पोरांचे मोबाईल. मीही गेलो. काम म्हणून गेलो असं लिहितो.

२६ जुलै

सकाळी ६ : चढतंय. जल आयोगाचा अंदाज, राज्याच्या पूर कक्षाची सूचना आणि आमचा एक्सेल, तिन्ही एकाच दिशेला.

सकाळी ११ : सखल भागातल्या सात दारांना आमचे आकडे कालच सांगितले होते. पहिलं दार आज दुपारपर्यंत, असं.

दुपारी १२.४० : पहिल्या दाराच्या पायरीला पाणी. पुलावरच्या फुटांत आमचा आकडा चार इंचांनी चुकला. चालेल!

दुपारी ३ : दुसरं, तिसरं, बरोबर.

संध्याकाळी ७ : चौथ्या दाराला आम्ही सांगितलं होतं अजून एक फूट बाकी आहे. त्या घरात पाणी आलं. माणसं चिडली, आणि बरोबरच चिडली. "तुमी सांगितलं म्हणून फ्रीज खालीच ठेवला." मी, सर आणि त्यांचा मुलगा, तिघांनी फ्रीज माळ्याच्या जिन्यावर चढवला. पाणी घोट्याएवढं होतं, थंड, आणि वास नदीचा नव्हता, गटाराचा होता.

वासावरूनच कळायला हवं होतं. ते पाणी नदीकडून समोरून आलंच नाही. शेरीनाल्याकडून, गटारातून, मागच्या अंगणातून आलं. आम्ही पुढच्या उंबऱ्याची लेव्हल घेतली होती, पाणी आलं न्हाणीघराच्या मोरीतून. तिची पातळी उंबऱ्यापेक्षा फूटभर खाली.

२७ जुलै

झोप नाही. पाणी स्थिर. इशारा पातळी गाठली नाही आणि आता कोयनेचा विसर्गही कमी करताहेत. शहराच्या हिशोबात यंदा काही झालंच नाही. चौथ्या दाराच्या हिशोबात एक गादी, गव्हाचं एक पोतं आणि शिवणयंत्राची मोटर गेली.

राहिलेल्या तीन दारांपैकी दोन कोरडी राहिली, आम्ही सांगितलं तशी. सातव्याकडे आम्ही सांगितलेलं पाणी आलंच नाही. ते नंतर बघू.

३ ऑगस्ट

सगळी ४१ दारं पुन्हा मोजायची ठरलं. आता तीन आकडे : उंबरा, मोरी, आणि जवळच्या गटाराचं झाकण. त्यातला सगळ्यात खालचा तो दाराचा आकडा. पुतणीने कोड बदलायला दहा मिनिटं घेतली. मोजायला आम्हाला तीन रविवार लागतील.

काकूंनी विचारलं, "माझी मोरी बगितली का?" नव्हती बघितली. ४९ फूट १० इंच. उंबऱ्याच्या सव्वा फूट खाली. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. पुराच्या दिवसांत त्या मोरीत आधी बोळा कोंबतात आणि वर पाटा ठेवतात. आम्ही विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट

सातव्या दाराचा उलगडा. नाल्याच्या बाजूचा मोकळा प्लॉट मे महिन्यानंतर मुरमाने भरला गेलाय, चांगला दोन फूट. पाण्याची जुनी वाट बंद, म्हणून सातवं दार कोरडं. ते पाणी दुसऱ्या कुणाकडे तरी गेलं असणार. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या, हे नकाशे कागदावर राहतात. ट्रॅक्टरच्या चार खेपा जमिनीवर होतात.

३० ऑगस्ट

आण्णांबरोबर जत तालुक्यात त्यांच्या बहिणीकडे गेलो, लग्नाच्या बोलणीला, पण वाटेत एक निरीक्षण विहीर बघितली. भूजल सर्वेक्षण यंत्रणा अशा विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आता राष्ट्रीय प्रकल्पातून बऱ्याच ठिकाणी आपोआप नोंद करणारे पातळीमापक बसलेत. अटल भूजल योजनेने तर २०१९ पासून सात राज्यांत पाण्याचा ताळेबंद गावानेच मांडायचा असं धरलं. इथे पाणी खाली जाण्याची मोजणी, तिकडे आमच्यात वर येण्याची. एकाच जिल्ह्यात. म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याने ऊस वाढलाय, ते आण्णांनीच दाखवलं, जरा नाराजीने. बोलणी जमली.

१२ सप्टेंबर

ओढ्याचा सेन्सर तीन दिवस गप्प. बघितलं तर तोंडाशी गांधीलमाश्यांचं पोळं. काढताना आण्णांच्या हाताला दोन ठिकाणी डंख. सरकारी केंद्रांचे आकडे मधूनच गायब होतात तेव्हा मी फार बोलायचो, ते आता कमी बोलेन. डोंगरातल्या पर्जन्यमापकापर्यंत जायला श्रावणात रस्ता नसतो, आम्हाला तर मोटारसायकलवरून जाता येतं.

५ ऑक्टोबर

मोजणी पूर्ण. ४१ पैकी ३८ दारांचे आकडे झाले, तिघांनी मोजू दिलं नाही. त्यातल्या एकाचं म्हणणं असं की आकडा भिंतीवर आला की घराची किंमत पडेल. समजण्यासारखं आहे, वाद घातला नाही.

आकडा कुठे लिहायचा यावर मात्र वाद झाला. पुतणीला नकाशा हवा, मोबाईलवर, बोट ठेवलं की आकडा. सरांना छापील तक्ता. शेवटी वीज मीटरच्या पेटीखाली ऑइलपेंटने लिहायचं ठरलं, कारण पूर येतो तेव्हा वीज जाते आणि मीटरकडे मात्र प्रत्येकजण एकदा जातोच. नुसता आकडा नाही. काकूंनी सांगितलं तसं : "पुलावर ४९ - आधी मोरी."

पाटी रंगवणाऱ्याने 'मोरी'चा 'मोती' केला, दोन घरांत. पुसून पुन्हा.

१८ ऑक्टोबर

चौथ्या दाराकडे गेलो होतो. त्यांनी मोरीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घेतलाय, आणि जोतं दीड फूट उचलायचं काम काढलंय. म्हणजे त्यांचे आकडे बदलणार. ऑटो लेव्हल दिवाळीनंतरच्या रविवारी मिळेल. भराव टाकलेल्या प्लॉटच्या पलीकडची सहा घरं यादीत नव्हती, तीही त्याच दिवशी घ्यायची. टेप सरांकडे आहे, स्टाफ, म्हणजे लेव्हलची मोजकाठी, माझ्याकडे.